लवतं खोगीर

अंबादासकाका खोगीरवाल्यांच्या अंगावर माशी टिकत नसे. तुमच्याआमच्या अंगावर माशी बसली की आपण हात हलवतो. काका हात हलवायचे नाहीत. जिथं माशी बसली तेवढीच कातडी थरथरायची, रुपयाएवढी, आणि माशी उडायची. बाकीचा माणूस गप्प. शहराच्या छावणी भागातल्या अर्ध्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यांना मी सांगितलं होतं.

माझं दुकान त्यांच्या बरोबर समोर. मोटरसायकलच्या सीटकव्हरचं. ते घोड्यावरची बैठक करायचे, मी फटफटीवरची. तेव्हा आपला धंदा एकच, असं मी एकदा म्हणालो तर काका दोन दिवस माझ्याकडं पाठ करून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "फोमवाल्या, तुझी फटफटी कधी मान वळवून बघती का, वर कोण बसलंय म्हणून?"

"नाय बा, काका."

"मग गप बस."

माणूस उंच, वाळलेला, चेहरा लांबट. खालचा ओठ जरा लोंबता. दात मोठे, पिवळे, त्या वयातही सगळे शाबूत. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. सकाळी भिजवलेले हरभरे खायचे, खिशातून काढून, एकेक. दुपारी दुकानाच्या दारात उभ्यानं झोपायचे. भिंतीला टेकत नसत. एका पायावर भार, दुसरा सैल, मान थोडी खाली. नवीन गिऱ्हाईक यायचं, "काका, ओ काका" करायचं, मग मी समोरून ओरडायचो, "मागून जाऊ नका, लाथ मारतेत!" गिऱ्हाईक हसायचं. मी हसायचो नाही. मी एकदा मागून गेलो होतो.

टांगे होते तोवर काकांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. मग टांगे गेले, रिक्षा आल्या, शहर चिकलठाण्याकडं पळालं, पैठणच्या रस्त्यानं पळालं, आणि घोडी उरली फक्त लग्नातली. तरी काका रोज दुकान उघडायचे आणि रोज एकाच प्रश्नाचा कीस पाडायचे. त्यांच्या भिंतीला दोन खुंट्या होत्या. उजवीकडच्या खुंटीवर कडक खोगीर, डावीकडच्या खुंटीवर लवतं. आणि प्रश्न हा, की दोन्हींत चांगलं कोणतं.

कडक खोगिराच्या पोटात लाकडाचा सांगाडा असतो. घोड्याच्या कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक फळी, पुढं-मागं कमान. माणसाचं वजन फळ्यांवर पसरतं, कण्यावर कमान पुलासारखी उभी राहते, मधून वारा खेळतो. लवत्या खोगिरात पुढची कमान तेवढी लाकडी. फळ्यांच्या जागी म्हशीच्या कातड्याचे थर, आणि थरांच्या मध्ये कुठल्यातरी कारखान्यानं भंगारात काढलेला रबरी पट्टा. दाबलं की वाकतं, सोडलं की सरळ होतं. घोडं वळलं की तेही वळतं. घोडं वाळलं की आत येतं, भरलं की सैल होतं.

"मग लवतंच चांगलं की," मी म्हणायचो.

"कडक खोगीर म्हणजे सासू," काका म्हणायचे. "एकदा ठरवलं ते ठरवलं, पण घराचा भार सोता उचलती. लवतं म्हणजे पुण्याचा जावई. सगळ्याला व्हय व्हय म्हनतंय, आन् ओझं हळूच तुमच्या मणक्यावर ठेवून जातंय. हलका माणूस असंल तर चालंल. जड माणूस बसला की मधातच दबतं."

"मग कडकच चांगलं."

"कडक एकाच पाठीचं असतंय. पाठ बदलली की चावतं."

असं दिवसभर. सकाळी ते कडक खोगिराच्या बाजूनं असायचे, चहानंतर लवत्याच्या. पण दिवस कलताना, सावल्या लांब झाल्या की, आवाज खाली आणून ते तिसरीच गोष्ट सांगायचे.

"फोमवाल्या, कडक खोगीर विसरतं. घोडं विकलं, मेलं, त्याला पत्ता नाय. लवतं विसरत नाय. त्याला पाठीची सवय लागती. आन् ज्याला सवय लागती त्याला घरात एकटं ठेवू नये."

मी म्हणायचो, "काका, चहा सांगू का अजून एक?" कारण माझ्या मानेवर काहीतरी चढत असायचं.

एकदा मुकुंदवाडीच्या एका घोडीवाल्यानं भाच्याबरोबर खोगीर पाठवलं. लवतं, काकांनीच केलेलं. तंगाचा पट्टा तुटला होता, म्हणजे पोटाखालून आवळतात तो. काकांनी सवयीनं खोगिराच्या खाली हात घातला, डोळे मिटले, आणि विस्तवावरून उचलावा तसा हात काढून घेतला.

"घोडी कुठं हाय रे?"

"घरी बांधलीय की."

"फोन लाव."

भाच्याच्या फोनला रेंज नव्हती, म्हणून माझा घेतला. घोडी नुकतीच आडवी झाली होती, आणि उठली नाही. आता लोक म्हणतात ती आठवडाभर आजारी होती, भाच्याचा चेहरा बघूनच काकांनी ओळखलं. ओळखलं असेल. पण मी नंतर त्या खोगिराखाली हात घातला होता. बाहेर ऊन असं की डांबर बुटाला चिकटून घरापर्यंत यायचं, आणि त्या खोगिराचं पोट माठासारखं गार होतं.

मग किसनआबा आले.

आबा बिडकीनकडचे. मोठे शेतकरी, जमीन रस्त्याला लागून, त्यामुळं पुढं कारखान्यांच्या वसाहतीत गेली. त्यांच्याकडं काजळी नावाची घोडी. नावासारखीच, काळी कुळकुळीत. रोज सकाळी काजळीवर बसून शेताच्या बांधावरून एक फेरी मारायची, मग न्याहारी, हा आबांचा आयुष्यभराचा नेम. पहिल्यांदा आले ते दुष्काळाच्या साली, जुनं खोगीर फाटलं म्हणून. त्या साली छावणीत नळ उघडला की आधी पाल बाहेर यायची, आणि तीसुद्धा "पाणी आलं का?" असं बघून परत जायची. आबा तेव्हा काटकुळे होते, काजळीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. तरी काकांनी माप घेतलं, आपल्या पद्धतीनं. पाठीवर ओलं फडकं, त्यावर भिजवलेली काळी माती थापायची, ती उन्हात वाळली की घोड्याची अख्खी पाठ साच्यासारखी उचलून घ्यायची.

टँकरच्या रांगेतल्या बायका हंडे खाली ठेवून बघत होत्या. एक म्हणाली, "आम्हाला प्यायला नाय आन् हे घोड्याला लिंपायलेत!"

"तुमची पाठ घासून सोलली तर तुम्ही बोलून दाखवाल, बाई," काका म्हणाले. "तिला बोलता येत नाय."

सागाचं कडक खोगीर केलं. असं बसलं की केस जाणार नाही मधून. आबा खूश. पण दुष्काळ इतका लांबला होता की घोडं असंच असतं, असं सगळ्यांना वाटायला लागलं होतं, काकांनाही. त्यांनी काजळीचं माप घेतलंच नव्हतं. दुष्काळाचं माप घेतलं होतं.

पुढच्या साली पाऊस झाला. काजळी भरली. खोगीर मात्र तेवढंच राहिलं, आणि खांद्यावरच्या उंचवट्यावर चावलं. जखम हाडापर्यंत गेली. आबा घोडीला टेम्पोत घालून घेऊन आले, आणि दुकानात शिरतानाच गरजले, "अंबादास! माझ्या घोडीला खाल्लं तुझ्या लाकडानं!"

काका उठले, बाहेर गेले, जखम पाहिली. मग काजळीच्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी बोलले. माफी मागितली असेल. आमच्याशी बोलले ते एवढंच: "आबा, घोडी इथं ठेवा. पाठ भरून देतो."

"डॉक्टर म्हणले, आता तिथंच परत लागलं तर घोडी उभी राहणार नाय," आबा म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "जमीन गेली, अंबादास. आता भिंत बांधायलेत भोवतीनं. ती पुरी व्हायच्या आत एकदा, फक्त एकदा, काजळीवर बसून सगळ्या बांधाची फेरी मारायचीय. मग घाला म्हणावं भिंत."

म्हणजे डाव असा लागला. एकीकडं घोडीची पाठ, दुसरीकडं आबांची फेरी, आणि मध्ये वाढत चाललेली भिंत.

काजळी दुकानामागच्या कडुनिंबाला बांधली गेली. काकांनी तिच्यासाठी नवं लवतं खोगीर करायला घेतलं. जखमेच्या जागी मोकळं, बाकी तिच्या अंगासारखं वळणारं. आणि बघता बघता परत पाऊस रुसला. चारा मिळेना. काजळी परत वाळली, काकाही वाळले. दोघं एकाच घमेल्यातून हरभरे खाताना मी पाहिलं. जखम भरत आली. रोज सकाळी काका खोगीर तिच्या पाठीवर नुसतं ठेवायचे, कुणालाही न बसवता अंगणात फिरवायचे. "ओळख होऊ दे दोघांची," म्हणायचे.

ओळख झाली. ती मी पाहिली, भर दुपारी, टळटळीत उन्हात, चित्रपटात भूत येतं तसल्या अंधारात नव्हे. रस्त्यावर कुत्रं नाही. काका दारात उभ्यानं झोपलेले. मी त्यांच्याकडची कातडं टोचायची आरी मागायला आत गेलो. लवतं खोगीर लाकडी घोडीवर ठेवलेलं होतं, आणि ते चालत होतं. जागचं हलत नव्हतं, पण चालत होतं. डावी बाजू वर, उजवी खाली. उजवी वर, डावी खाली. सावकाश, ओझं नसलेल्या जनावराच्या चालीनं. मी मागच्या दारातून बघितलं. काजळी कडुनिंबाभोवती सावली शोधत हिंडत होती. डावा खांदा, उजवा खांदा. ती थांबली. खोगीर थांबलं. तिनं शेपटी झटकली आणि इकडं खोगिराचा मागचा काठ शहारला.

मी आरी न घेता बाहेर आलो. काका डोळे न उघडता म्हणाले, "दिसलं ना? म्हनून म्हनतो, लवत्याचं काय खरं नाय."

त्यानंतर काका फार अस्वस्थ झाले. खोगीर पाठीला बसलं होतं, तो प्रश्न मिटला. आता प्रश्न वर बसणाऱ्याचा. एका दुपारी मला हाक मारली, दुकानाचं दार ओढून घेतलं, स्वतःच्या उघड्या पाठीवर लवतं खोगीर चढवलं, पोटाखालून तंग आवळला आणि पोत्यावर हातगुडघे टेकून उभे राहिले.

"बस."

"काका, लोक काय म्हनतील?"

"लोकांला बसवत नाय मी. तुला बसवतोय. बस!"

मी बसलो. आता मी किरकोळ माणूस. काकांनी मानेला झटका दिला, नाकपुड्या फुलवल्या आणि नाकातून फुर्र्र असा आवाज काढला. मी आजवर नकला पुष्कळ ऐकल्यात. ती नक्कल नव्हती. माझ्या मांड्यांखाली जी पाठ होती ती रुंद होती, ऊबदार होती, आणि तिला माझी भीती वाटत नव्हती; मला तिची वाटत होती.

"तुझं वजन फळ्यांच्या जागी नाय पसरलं," खालून आवाज आला. "सगळं मधात आलं. तू हलका म्हणून निभलं. उतर आता." उतरलो तर त्यांच्या कण्यावर लाल वळ. त्यांनी हात मागं नेऊन तो चाचपला आणि म्हणाले, "आबांचं काय करावं?"

कारण आबा आता ते आबा राहिले नव्हते. जमीन गेल्यावर काम गेलं, चालणं गेलं, आणि मोकळ्या जागेत आबा पसरले. मी वाढवून सांगत नाही, ते जीपमधून उतरले की जीप इतकी वर यायची की दार लावायला टाचा उंच कराव्या लागत.

ते आलेच. "तीन बाजू झाल्या भिंतीच्या," म्हणाले. "चौथीचं काम उद्या-परवा सुरू. अंबादास, आज घोडी नेतो."

"घोडी न्या. बसू नका."

"म्हंजे?"

"कडक घातलं तर चावंल, ती परत वाळलीय. लवतं तिला बसतंय, तुम्हाला पेलत नाय. तुम्ही मधात दबणार, कण्यावर."

"एक फेरी, अंबादास! एका फेरीनं काय होतंय? माझी घोडी, माझा बांध..." आबांनी अंगणाकडं हात केला. "बांध तर नाय राहिला माझा. घोडी तरी माझी म्हणू का नको?"

काकांनी सदरा काढला. लवतं खोगीर पाठीवर चढवलं, तंग आवळला, हातगुडघ्यांवर आले.

"आधी माझ्यावर बसा. मी झेललं तर तिच्यावर बसा."

"येडा झाला का? म्हातारं माणूस तू."

"बसा म्हनतो ना, आबा."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. मग इरेला पेटून आबांनी टांग टाकली आणि बसले. सगळं वजन सोडून बसले.

काकांच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. डोळे शांत. पण मागच्या अंगणातून असा आवाज आला की माझ्या हातातला चहाचा पेला पडला. मागचं दार उघडंच होतं. कडुनिंबाखाली काजळी उभी होती. पाठ उघडी, आजूबाजूला कुणी नाही. आणि तिची पाठ मधोमध खाली जात होती, कुणीतरी न दिसणारं जड तिच्यावर चढून बसल्यासारखी. पुढचे पाय मुडपत चालले होते.

आबांनी ते पाहिलं. माणूस शेतकरी, डोळ्यावर एकदम विश्वास ठेवणारा नाही. ते वीतभर वर उठले. काजळीची पाठ वीतभर वर आली. ते परत टेकले, जरासेच. काजळीनं मान वर फेकली, आणि भरलेल्या जखमेवरची कातडी ओलसर चमकली.

मग आबा उठले. झोपलेल्या बाळाच्या अंथरुणावरून आई उठते तसे, एकेक हाड मोजत. बाजूला झाले आणि भिंतीला धरून उभे राहिले. अंगणात काजळी सरळ झाली.

"माझी फेरी राहिली," आबा म्हणाले. एवढा मोठा माणूस, आणि आवाज चिमणीएवढा.

काका अजून हातापायांवरच होते. तसेच वर बघून म्हणाले, "पाय हायेत ना? चला. मी येतो संगं."

मग उठून त्यांनी खोगीर मांडीवर घेतलं, पातळ सुरी काढली आणि आमच्यादेखत एकेक टाका उसवला. कातडं वेगळं, रबर वेगळं, कमान वेगळी. शेवटचा टाका तुटला तसा अंगणातून एक लांब उसासा आला. जनावराचा होता, एवढंच मी सांगू शकतो. कोणत्या, ते विचारू नका.

ते निघाले तेव्हा मी रस्त्यापर्यंत गेलो. मध्ये काजळी, एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला काका. दोघंही पायी. पैठणच्या रस्त्यानं, ट्रक, डंपर आणि शाळेच्या बसेसच्या गर्दीतून. "सोडून येतो," काका म्हणाले होते. आले नाहीत. दुकानमालक महिना दोन महिने थांबला, मग मला म्हणाला, तुम्हीच जाऊन विचारा, दुकान ठेवायचं का मोडायचं.

ऐन उन्हाळ्यात बिडकीनला गेलो. तिथं शेतांच्या जागी विमान उतरावं एवढे रुंद काँक्रीटचे रस्ते. दोन्हीकडं दिव्यांचे खांब, आणि रात्री त्यांच्या उजेडात बघायला कुणी नाही. लांबच लांब भिंत, चारी बाजूंनी बंद. तिच्या सावलीच्या पट्ट्यात एक माणूस बसलेला. ओळखायला वेळ लागला. आबा होते, पण पहिल्याचे निम्मे. सदरा कुणा थोरल्या भावाचा घातल्यासारखा.

"आबा, फेरी झाली का मग?"

"रोज होती. भिंतीच्या बाहेरून."

"बसून?"

आबा माझ्याकडं बघून किंचित हसले. "कोण बसतंय आता!"

"आन् काका?"

त्यांनी हनुवटीनं पलीकडं दाखवलं. टँकरवाल्यांनी जनावरांसाठी बांधलेला सिमेंटचा हौद होता, तळाशी थोडं पाणी. काजळी पाणी पीत होती. तिच्या पाठीवर जखमेच्या जागी पांढरे केस आले होते, काळ्यावर टिकलीएवढे, बाकी पाठ सरळ आणि भरलेली. तिच्या गळ्यात दोर नव्हता. तिच्या शेजारी अंबादासकाका. कमरेत वाकलेले, दोन्ही हात मागं, ओठ पाण्याला लावलेले. ओंजळ नाही, भांडं नाही. दोघांचेही गळे एका लयीत हलत होते.

मी हाक मारली. "काका! ओ काका! दुकानाचं काय करायचं?"

दोघांनी एकदमच मान वर केली. ओठांवरून पाणी ठिबकत होतं. दोघांनी माझ्याकडं पाहिलं, पुष्कळ वेळ, सावध, अनोळखी माणूस किती जवळ येतोय याचा अंदाज घेत. मी एक पाऊल पुढं टाकलं. दोघं एक पाऊल मागं सरले.

मी होतो तिथंच थांबलो. मग त्यांनी माना खाली घातल्या आणि उरलेलं पाणी प्यायला लागले.